चार हजार एकशे बारा लाल रेघा

नोर्दरमेअर, ८ मे २०२३

हिस्के,

तुझ्या प्लगइनने माझं वाटोळं केलं आहे. अभिनंदन.

आपण मावसभावंडं आहोत आणि ऑक्टोबरात तुझ्या आईच्या वाढदिवसाला गोल मांडलेल्या खुर्च्यांवर तीन तास शेजारी बसून एकेक बिस्कीट खाल्लं आहे, म्हणून एवढं सौम्य लिहितो आहे. परकी असतीस तर शब्द वेगळे असते.

ऐक. शेतांतलं पाणी उपसणारे आमच्या पाणीमंडळाचे चार पंप ज्या प्रोग्रामवर चालतात तो मी सव्वीस वर्षं तेर्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहीत आणि दुरुस्त करत आलो आहे. सप्टेंबरात मी निवृत्त होतो. माझ्या जागी मारित नावाची एक चौतीस वर्षांची इंजिनीअर घेतली आहे. हुशार आहे, पण तोंडाळ. गेल्या सोमवारी मी तिला मोठ्या कौतुकाने शेजारी बसवलं, आजवरची नुसते रंग देणारी जुनी आवृत्ती काढून, चुकांखाली लाल रेघ मारणारी तुझ्या प्लगइनची नवी आवृत्ती घातलेला एडिटर उघडला आणि त्यात माझा प्रोग्राम उघडला. चार हजार एकशे बारा ओळींखाली लाल रेघ! एकूण ओळी साडेचार हजार आहेत. मारितने क्षणभर बघितलं आणि विचारलं, "वीब्रेन, ही भाषा आहे की गोवर?"

पंप व्यवस्थित चालले आहेत. प्रोग्रामला काही झालेलं नाही. झालंय ते तुझ्या प्लगइनला. पण १५ जूनला मंडळाची बैठक आहे. माझा प्रोग्राम ठेवायचा, की तो फेकून बाहेरच्या कंपनीकडून सगळं नव्याने लिहून घ्यायचं, हे त्या दिवशी ठरणार. मारित जे म्हणेल ते होईल, आणि मारित म्हणते की ज्या भाषेत एडिटरसुद्धा बोंब मारतो त्या भाषेत ती काम करणार नाही.

माझ्या सव्वीस वर्षांचा प्रश्न आहे. तेव्हा नीट कर.

वीब्रेन


उट्रेक्ट, ९ मे

वीब्रेन,

"नीट कर." व्वा! आणि काय नीट करू? तुझी भाषा, तुझा स्वभाव की तुझं नशीब?

हे प्लगइन मी चौदा वर्षं रविवारी सकाळी बसून सांभाळते आहे, फुकट. ते वापरणारे दोनशे बारा लोक माझ्या यादीत आहेत. त्यातले निम्मे निवृत्त झालेत आणि उरलेले तुझ्यासारखे पत्र लिहितात. "चालत नाही, बिघडलंय, वाटोळं झालं." डॉक्टरच्या दारात उभं राहून नुसतं "दुखतंय" म्हणून ओरडावं आणि कुठे विचारलं की "ते तुम्ही शोधा" म्हणावं, तसले हे लोक.

तुझ्या सबंध पत्रात कामाची माहिती एकच आहे, रेघांचा आकडा. तोही तू मोजलास तो रडायला सोयीचा म्हणून. प्लगइनची आवृत्ती नेमकी कुठली? "नवी" हा आकडा नाही. एडिटरमध्ये खाली संदेशांची खिडकी असते, ती उघडलीस का? तिथे काय लिहिलंय? आणि तुझ्या सेटिंगची फाइल बाजूला ठेवून, कोऱ्या पाटीने एडिटर सुरू केलास का? हे तिन्ही केल्याशिवाय मला लिहू नकोस. मावसभाऊ असलास तरी तुला वेगळी रांग नाही.

हिस्के


नोर्दरमेअर, १२ मे

हिस्के,

आवृत्ती ४.२. संदेशांच्या खिडकीत काहीही लिहिलेलं नाही. कोरी आहे. तुझं प्लगइन चार हजार वेळा बोंब मारतं, पण कशाबद्दल ते सांगत नाही. तुमच्या बाजूचं घराणंच तसं आहे.

सोबत पडद्याचा फोटो जोडतो आहे.

राहिली कोरी पाटी. ते होणार नाही. माझी सेटिंगची फाइल एकोणीसशे ओळींची आहे. एकेक ओळ बावीस वर्षांत लागेल तशी घातली आहे. कुठल्या ओळीने काय होतं ते आता मलाही आठवत नाही, आणि म्हणूनच हात लावायचा नाही. नांगर धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात तशी ती फाइल आहे. ती बाजूला ठेव म्हणजे काय? तू उद्या मला दात काढून ठेवून जेवायला सांगशील.

मारित आज पुन्हा येऊन बघून गेली. काही बोलली नाही. नुसती हसली. तिचं बोलणं परवडलं असतं.

वीब्रेन


उट्रेक्ट, १३ मे

वीब्रेन,

फोटो मिळाला. त्यात तुझा अंगठा आहे, कॉफीचा कप आहे आणि काचेत तुझ्या टकलाचं प्रतिबिंब आहे. या सगळ्यातून जागा उरली तिथे बावीस ओळी दिसतात. लोक मजकूर कॉपी करून पाठवतात, हे तुमच्या गावात अजून पोहोचलं नाही का?

तरी मी त्या बावीस ओळी हाताने टाइप केल्या. हो, हाताने. माझ्या मशीनवर, त्याच ४.२ मध्ये, एकही लाल रेघ नाही. म्हणजे प्लगइन ठीक आहे आणि घोडं तुझ्याच अंगणात पेंड खातंय.

आता नीट वाच, कारण हे मी एकदाच सांगणार. तुझ्या त्या पवित्र फाइलची आधी एक प्रत करून ठेव. मग तिचा खालचा अर्धा भाग काढून टाक. एडिटर सुरू कर. लाल रेघा गेल्या, तर खोट काढलेल्या अर्ध्यात आहे. राहिल्या, तर उरलेल्या अर्ध्यात आहे. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग कर. पुन्हा बघ. असं निम्मं-निम्मं करत गेलं की एकोणीसशे ओळींतून दोषी ओळ अकरा फेऱ्यांत सापडते. या कामाला बुद्धी लागत नाही, नुसता प्रामाणिकपणा लागतो. म्हणून लोकांना ते जड जातं.

आणि हो, "हे नक्की नसेल" म्हणून एकही फेरी गाळू नकोस. मी तुला ओळखते.

हिस्के


नोर्दरमेअर, २२ मे

हिस्के,

केलं. अकराच्या अकरा फेऱ्या. एकही गाळली नाही, मारित साक्षीला होती. शेवटी फाइलमध्ये एक ओळ उरली, मग तीही काढली. आता माझा एडिटर लंकेच्या पार्वतीसारखा झाला आहे आणि लाल रेघा आहेत चार हजार एकशे बारा. एकही कमी नाही.

म्हणजे खोट माझ्या अंगणात नव्हती, हिस्केबाई.

हे लिहून मी थांबणार होतो. पण शुक्रवारी कॉफीच्या वेळी मारित सहज बोलून गेली, "तुझ्या मावसबहिणीचा अहवाल आला की ठरेल." मी विचारलं, "कसला अहवाल?" तर म्हणते, "तुला माहीत नाही? झायल्स्त्राबाईंनी तिच्याकडून एक पान मागवलंय. तेर्प ही भाषा अजून जिवंत आहे का, तिच्यावर विसंबावं का."

झायल्स्त्राबाई म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षा. म्हणजे तू गेले दोन आठवडे एका हाताने मला अंगठ्यावरून टोमणे मारते आहेस आणि दुसऱ्या हाताने माझ्या मयताचा दाखला लिहिते आहेस. आता लक्षात आलं की लाल रेघा का जात नाहीत. तुला त्या जायलाच नको आहेत. तुला त्या रविवारच्या कटकटीतून सुटायचं आहे. एक भाषा मेली की प्लगइन मेलं, आणि तू मोकळी.

माझ्याशी सरळ तरी बोलायचं होतंस.

वीब्रेन


उट्रेक्ट, २३ मे

वीब्रेन,

हो, मागवलाय. एप्रिलमध्ये. झायल्स्त्राबाईंनी बजावलं होतं की वीब्रेनला सांगू नका, तो तुमच्या डोक्यावर मिऱ्या वाटेल. बाई माणसं ओळखते. तरी मी तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं ते चुकलं. हे एवढंच, याहून जास्त माफी माझ्याकडे नाही.

मी अजून एक अक्षरही पाठवलेलं नाही. का, ते तुझ्या डोक्यात शिरतंय का बघ. मला लिहायचंय की तेर्प जिवंत आहे. पण जी भाषा तिच्या सर्वांत जुन्या, सर्वांत खडूस माणसाच्या मशीनवर सरळ दिसत नाही, तिला मी जिवंत कसं म्हणू? मी खोटं लिहीत नाही. तुझ्या रेघा गेल्या तरच मला ते पान लिहिता येईल. तेव्हा माझ्यावर आरोप करण्यात जो वेळ घालवलास त्यात कामाचं काही केलं असतंस तर बरं झालं असतं.

सुटायचं असतं तर चौदा वर्षांपूर्वीच सुटले असते. मूर्खा.

आता सांग. सेटिंग कोरी, प्लगइन ४.२, तरी तुझ्याकडे रेघा आणि माझ्याकडे नाहीत. मग आपल्या दोघांकडचं प्लगइन एकच आहे कशावरून? माझ्या साठ्यातून निघाल्यापासून तुझ्या एडिटरमध्ये पोहोचेपर्यंत ते कुठून कुठे जातं? एकेक पाऊल लिही. "नेहमीसारखं" हा शब्द वापरू नकोस.

हिस्के


नोर्दरमेअर, ३० मे

हिस्के,

आठवडाभर लिहिणार नव्हतो. पण सोमवारपासून मारित एका कंपनीच्या माणसाला इमारत दाखवत फिरते आहे. त्याने माझ्या पडद्याकडे बघून फोटो काढला. त्याच्या फोटोत अंगठा नव्हता.

पाऊल एक. पंपांची मशीनं बाहेरच्या इंटरनेटला जोडलेली नाहीत. जोडली असती तर कुणीही सटरफटर माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून आमचे पंप बंद करू शकला असता. म्हणून पुढच्या खोलीत एक वेगळं मशीन आहे, त्यावर मी तुझं प्लगइन उतरवून घेतो. पाऊल दोन. ते पेनड्राइव्हवर घालतो. पाऊल तीन. पेनड्राइव्ह दारावरच्या दाउवेकडे देतो. तो ते धुण्याच्या पेटीत, म्हणजे व्हायरस काढणाऱ्या मशीनमध्ये घालतो. पाऊल चार. पेटीतून स्वच्छ होऊन आलेला दुसरा पेनड्राइव्ह दाउवे मला देतो, सही घेतो, आणि मी आत जातो.

इमारतीत येताना दार ओढतो की ढकलतो तेही लिहू का?

या पेटीबद्दल तुझे टोमणे ऐकून घेणार नाही. २००९ मध्ये एका सल्लागाराने सुट्टीचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह आणला आणि त्यासोबत असा रोग आणला की तीन दिवस आम्ही पंप हाताने चालवले. त्यानंतर पेटी बसवली. तिचे नियम मी स्वतः लिहिले. चौदा वर्षांत एक घाण आत आलेली नाही.

वीब्रेन


उट्रेक्ट, ३० मे, तासाभराने

वीब्रेन,

प्लगइनच्या फोल्डरमधल्या फाइली मोज. मी चौसष्ट पाठवते.

आणि तुझ्या त्या नियमांतला पहिला नियम काय आहे, तो शब्दशः लिहून पाठव.

हिस्के


नोर्दरमेअर, १ जून

हिस्के,

त्रेसष्ट.

पहिला नियम: "स्वतः चालू शकेल अशी कोणतीही फाइल पंपांच्या खोलीत जाणार नाही. पेटी ती काढून टाकील. याबाबत वापरणाऱ्यास कळवण्याची आवश्यकता नाही."

शेवटचं वाक्य माझंच आहे. तेव्हा मला वाटलं होतं की कळवलं तर लोक वाद घालतात.

मी दाउवेकडे गेलो. म्हटलं, "अरे, माझ्या प्लगइनमधली एक फाइल पेटीने खाल्ली, ती सोड." तो म्हणाला, "नियम आहे." मी म्हटलं, "नियम मी लिहिलाय." तर म्हणाला, "माहीत आहे. चौदा वर्षं तू मला तो दर महिन्याला वाचून दाखवतोस. अपवाद हवा असेल तर नियम बनवणाऱ्याची लेखी परवानगी लागते. कलम सात." मग मी त्याच्यासमोर उभं राहून स्वतःच्याच नावाने अर्ज लिहिला, स्वतःच तो मंजूर केला आणि त्याने तो सावकाश, बोट ठेवून वाचला. दोनदा. मागे रांगेत चार माणसं होती आणि चारही हसत होती. मारित त्यांत होती.

मंजुरीवर आता सुरक्षा समितीचा शिक्का लागणार. आठवडा जाईल, म्हणतात. हस आता. पोटभर हस.

वीब्रेन


उट्रेक्ट, २ जून

वीब्रेन,

हसले. नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही हसला. तू जगाला जी अक्कल शिकवत होतास ती अखेर तुझ्याच दारात येऊन उभी राहिली, हे बघून फार बरं वाटलं.

गेली ती फाइल म्हणजे तपासनीस. माझ्या प्लगइनचे दोन भाग आहेत. एक नुसते रंग देतो. दुसरा एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम आहे, तो तुझ्या ओळी खरोखर वाचतो, समजून घेतो आणि चूक असेल तिथे रेघ मारतो. तो नसला की प्लगइन २०११ची एक ओबडधोबड तपासणी वापरतं. तिला तेर्पच्या नव्या आवृत्त्यांतलं काहीच कळत नाही, म्हणून ती दिसेल त्याखाली लाल रेघ मारत सुटते.

आता माझं. तपासनीस सापडला नाही तर प्लगइनने ते मोठ्याने सांगायला हवं. माझं सांगत नाही. गुपचूप जुन्या तपासणीवर जातं. मी तेव्हा मुद्दाम तसं केलं, कारण मला वाटलं होतं की सांगितलं तर लोक प्रश्न विचारत बसतात. तुझ्या नियमातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि कानशील गरम झालं. आज ते बदललं. दोनशे बारा लोकांपैकी आणखी किती जण बारा वर्षं लाल रेघांना शिव्या घालत गप्प बसले असतील, कोण जाणे.

आपल्या आया सख्ख्या बहिणी आहेत, वीब्रेन. ते दिसतं.

हिस्के


नोर्दरमेअर, ९ जून

हिस्के,

शिक्का मिळाला. तपासनीस आत आला. मी एडिटर उघडला, मारित मागे उभी होती. चार हजार एकशे बारा रेघा होत्या त्या जागी सगळं स्वच्छ. निळं, हिरवं, करडं, जिथे जे हवं तिथे ते. कुठल्याही नावावर बोट ठेवलं की ते कुठून आलं ते दिसतं. सव्वीस वर्षांत माझाच प्रोग्राम मला इतका सरळ कधी दिसला नव्हता. मारित खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यांदा तिने मला खरे प्रश्न विचारले. दीड तास. घरी जाताना म्हणाली, "हे वाईट नाहीये, वीब्रेन." आमच्याकडे याहून मोठी स्तुती कुणी करत नाही.

एक क्षुल्लक गोष्ट राहिली. एक रेघ अजून उरली आहे. एकच. ओळ ३०१८, पातळी मोजण्याच्या भागात. मारित त्या भागापर्यंत आलेली नाही. तुझा तपासनीस म्हणतो, "या नावाला किंमत मिळालेली नसण्याची शक्यता आहे." हे त्याचं खूळ आहे. ती ओळ १९९८ पासून तिथे आहे. मी ती चार वेळा वाचली, तिच्यात काहीही चूक नाही.

१५ तारखेला सगळं मंडळ माझ्या पडद्यासमोर बसणार आहे. तेव्हा पडदा स्वच्छ हवा. ही एक रेघ बंद कशी करायची ते सांग. सोबत त्या भागाच्या साठ ओळी, या वेळी मजकूर कॉपी करून, अंगठ्याशिवाय.

वीब्रेन


उट्रेक्ट, १० जून

वीब्रेन,

साठ ओळी वाचल्या. तपासनिसाला खूळ लागलेलं नाही.

तुझ्या कालव्यात पाण्याची पातळी मोजणारी दोन यंत्रं आहेत. पहिल्याने आकडा दिला तर तू तो घेतोस. पहिलं गप्प असेल तर दुसऱ्याचा घेतोस. आणि दोन्ही गप्प असतील तर? तू काहीच लिहिलेलं नाहीस. "पातळी" हे नाव तसंच रिकामं राहतं आणि तेर्प रिकाम्या नावाला शून्य समजते. तू तळापासून सेंटीमीटर मोजतोस. शून्य म्हणजे कालवा कोरडा. कोरडा म्हटल्यावर, जळू नयेत म्हणून, पुढच्याच ओळीत तू चारही पंप बंद करतोस. बाहेर वादळ असो, पाणी काठाला लागलेलं असो, दोन्ही यंत्रं एकदम गेली की तुझा प्रोग्राम म्हणणार, पाणी नाही, झोपा.

चार वेळा वाचलंस म्हणतोस. चारही वेळा तू तुला जे लिहायचं होतं ते वाचलंस. मीही माझं असंच वाचते.

रेघ बंद करायचं विचारलंस. तिच्या आधीच्या ओळीच्या, म्हणजे ३०१७ च्या शेवटी दोन तिरक्या रेघा देऊन "तपासू नये" असं लिही. रेघ जाईल, पडदा स्वच्छ दिसेल, कुणाला काही कळणार नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

माझं पान मी आज झायल्स्त्राबाईंना पाठवलं. तेर्प जिवंत आहे, प्लगइन मी आणखी पाच वर्षं सांभाळीन, असं त्यात आहे. त्यांनी मला भाषेबद्दल विचारलं होतं, तुझ्या ओळींबद्दल नाही. ती ओळ तुझी आहे.

हिस्के


नोर्दरमेअर, १६ जून

हिस्के,

तुझं पत्र वाचल्यावर पाच दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. तुला वाटलं असेल की दुखावलो. ते नव्हतं. तुला एक गोष्ट माहीत नाही.

२०१२च्या हिवाळ्यात, वादळाच्या आठवड्यात, चारही पंप चाळीस मिनिटं बंद पडले. तीन शेतांत पाणी शिरलं आणि एकाच्या गोठ्यात सत्तेचाळीस मेंढ्या बुडाल्या. त्या वेळी पंपांवर गेर्लोफ ताकेमा नावाचा माणूस होता. त्याने पहिल्या मिनिटापासून एकच सांगितलं, "मी कशाला हात लावला नाही. ते आपोआप बंद झाले." चौकशीत मला बोलावलं. मी प्रोग्राम तपासला. एक यंत्र बंद करून बघितलं, मग दुसरं बंद करून बघितलं. दोन्ही एकदम बंद करून बघितलं नाही. दोन्ही एकदम कशाला जातील, असं वाटलं. तू म्हणतेस ना, "हे नक्की नसेल" म्हणून फेरी गाळू नकोस. मी ती गाळली आणि समितीसमोर सांगितलं, "प्रोग्राम आपोआप पंप बंद करू शकत नाही. बटण माणसाने दाबलं असणार." त्या रात्री वीज कोसळून दोन्ही यंत्रांची एकच वायर जळाली होती. ते अहवालात आहे, पान नऊ. मी ते पान वाचलंही होतं. गेर्लोफला काढलं. बुडालेल्या मेंढ्या त्याच्या मेहुण्याच्या होत्या.

काल बैठक झाली. ३०१७ च्या शेवटी मी त्या दोन तिरक्या रेघा बुधवारी दिल्या होत्या. खरं सांगतो, दिल्या होत्या. सकाळी पुसल्या. मंडळ बसलं, पडदा मोठा केला आणि मी थेट त्या एका लाल रेघेवर गेलो. काय आहे ते सांगितलं. मग २०१२चं सांगितलं. झायल्स्त्राबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुम्हाला केव्हा कळलं?" मी म्हटलं, "शनिवारी. पण कळायला हवं होतं ते अकरा वर्षांपूर्वी." मारितने माझ्या हातून कीबोर्ड घेतला आणि तीन ओळी लिहिल्या. दोन्ही यंत्रं गप्प असतील तर पंप जसे चालू आहेत तसेच चालू ठेवा आणि भोंगा वाजवा. रेघ गेली. ती त्यांना म्हणाली, "प्रोग्राम ठेवू या. चूक दिसते आणि दिसली की दुरुस्त होते. मला एवढंच हवं होतं."

प्रोग्राम ठेवला. सोमवारपासून तो मारितच्या ताब्यात. त्याला हात लावायची माझी परवानगी आजच काढून घेतली. सप्टेंबरपर्यंत मी कागद लावायचे. सव्वीस वर्षं वाचली, आणि मला वाटलं होतं की मला आनंद होईल. झाला नाही. मी सायकल घेऊन सरळ गेर्लोफकडे गेलो.

तो अंगणात जाळी दुरुस्त करत होता. अंगणाच्या फाटकातच उभं राहून मी सगळं सांगितलं. त्याने हातातली पक्कड खाली ठेवली, मग म्हणाला, "अकरा वर्षं मी हेच सांगत होतो. मंडळाला सांगितलं, तुला सांगितलं, बायकोच्या भावाला सांगितलं. तुमच्या घरी येऊन सांगितलं होतं, आठवतं? तेव्हा तू मला बाहेरूनच परत पाठवलंस. माणूस सांगत होता तोवर तुझं एक पान हललं नाही. आणि आता तुझ्या यंत्राने खाली लाल रेघ मारली, तर लगेच सायकल काढून आलास?"

तो आत गेला आणि दार लावलं. आदळलं नाही, सावकाश लावलं.

मंडळ त्याला माफीचं पत्र देणार आहे आणि २०१२चा अहवाल बदलणार आहे. ते पत्र गुरुवारी मीच नेऊन द्यावं असं झायल्स्त्राबाईंचं म्हणणं आहे. टपालाने पाठवा म्हणून मी दोनदा सुचवलं. ऐकत नाहीत. हिस्के, मला एकट्याने जायची हिंमत नाही. तू येशील का?

वीब्रेन